खारीक बोलत का नाही?

मुलांनो, तुमचं पोट दुखलं तर तुम्ही काय करता? आईला सांगता. मग आई विचारते, "कुठे दुखतंय? वर की खाली? काल शाळेबाहेर काय खाल्लंस?" त्यातलं थोडं तुम्ही खरं सांगता, थोडं लपवता, पण दुखतंय एवढं तरी सांगता. आता विचार करा, ज्याला बोलता येत नाही आणि वर दुखणं लपवायचीच ज्याची जन्माची सवय, असं कुणी तुमच्या घरात आजारी पडलं तर? आमच्या घरात पडलं होतं. त्याचीच ही हकिगत.

खारीक म्हणजे दुधात घालून खातात ती नव्हे, बरं का! आमची खारीक म्हणजे एक गिनीपिग. रंग अगदी खारकेसारखा तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा, कान पाकळीएवढे आणि शेपटीच्या नावाने शून्य. गिनीपिग हे नाव मोठं फसवं आहे. हा प्राणी गिनी देशातलाही नाही आणि डुक्कर तर नाहीच. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागातला. तिकडची माणसं त्याला हजारो वर्षांपासून पाळत आली आहेत. तिथे त्याला 'कुई' म्हणतात. त्याचं ओरडणं एकदा ऐकलंत, की हे नाव तुम्हाला लगेच पटेल.

मी विश्रांतवाडीत राहते आणि तिसरीच्या वर्गाला शिकवते. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. त्याचे बाबा सैन्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची बदली झाली ती थेट राजस्थानात. तिथला उन्हाळा आणि तिथवरचा आगगाडीचा प्रवास खारकेला सोसवणार नाही, असं घरी ठरलं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात आई, बाबा आणि हातात पिंजरा घेतलेला तो, असे तिघं आमच्या दारात उभे राहिले. तो फक्त एवढंच म्हणाला, "बाई, मी दर रविवारी फोन करीन." खाद्याच्या गोळ्यांची पिशवी, पाण्याची बाटली आणि एक जुना टॉवेल माझ्या हातात ठेवून तो मागे न बघता जिना उतरला.

पहिले दोन-तीन दिवस ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून राहिली. नवीन घर, नवीन वास, बुजली असेल असं आम्हाला वाटलं. माझी मुलगी चौथीत आहे. ती पिंजऱ्यापाशी पालथी पडून तासन् तास तिच्याशी बोलायची. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "आई, ही ओरडत का नाही? तो तर म्हणाला होता, फ्रिज उघडला की ही शिट्ट्या मारते."

खरंच की! आमचा फ्रिज दिवसातून पन्नास वेळा उघडत होता, पण खारीक गप्प.

सहाव्या दिवशी ती लंगडायला लागली. मागचा डावा पाय टेकवायचा टाळायची. उचलायला गेलं की मात्र ओरडायची, आणि ते ओरडणं काही शिट्टीसारखं नव्हतं. अंगावरचे केस विस्कटलेले. काकडीची चकती पुढे ठेवली तर वास घेऊन तोंड फिरवायची. मनात नाही नाही ते विचार आले. पडली असेल का? पाय मोडला असेल का? मांजराने घाबरवलं असेल? की त्या मुलाची आठवण येऊन झुरते आहे? शेजारच्या काकू म्हणाल्या, "दृष्ट लागली असेल." आमच्या सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट काढायला हरकत नाही, पण आधी डॉक्टरला दाखवा."

सांगायला सोपं होतं, पण गिनीपिगचा डॉक्टर कुठे शोधायचा? आमच्या जवळ प्राण्यांचे एक डॉक्टर आहेत. त्यांनी तिला हलक्या हाताने तपासलं आणि सरळ सांगितलं, "मी कुत्री-मांजरं बघतो. हिच्याबाबतीत अंदाजाने काही द्यायची माझी तयारी नाही." मला त्यांचं हे बोलणं फार आवडलं. येत नसेल तर येत नाही म्हणणारी मोठी माणसं तशी कमीच भेटतात. त्यांनी पक्षी, ससे, गिनीपिग बघणाऱ्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला. त्यांची वेळ मात्र दोन दिवसांनंतरची मिळाली. निघताना त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती तुमच्या आईबाबांनाही वाचून दाखवा. घरात उरलेलं माणसांचं औषध या प्राण्याला चुकूनही द्यायचं नाही. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तर गिनीपिगच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारून टाकतात आणि त्यातच तो दगावू शकतो. आणि झालंही तसंच. संध्याकाळी काकू त्यांच्या नातवाच्या खोकल्याची उरलेली बाटली घेऊन आल्या! चहा पाजून त्यांना बाटलीसकट परत पाठवलं.

आता हे दोन दिवस काढायचे कसे? नुसती काळजी करत बसलं तर काळजी वाढतच जाते. डी.एड.ला असताना आम्हाला एक धडा होता : निरीक्षण करा, नोंद करा, मगच निष्कर्ष काढा. मी मुलीला एक शंभरपानी वही दिली. तिने त्यावर मोठ्या अक्षरात 'खारीक' लिहिलं आणि आत रकाने आखले. काय खाल्लं, किती पाणी प्यायली, लेंड्या किती, कशी बसली, वजन. वजनाला स्वयंपाकघरातला काटा आणि त्यावर एक प्लॅस्टिकची टोपली. पहिल्या दिवशी ६४० ग्रॅम. आता ६४० चांगलं की वाईट, हे आम्हाला कुठे ठाऊक?

ते कळलं रविवारच्या फोनवरून. त्याने विचारलं, "कशी आहे?" खोटं सांगावं, असं एक क्षण मनात आलं. इतक्या लांब बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला कशाला घोर लावायचा? पण दर रविवारी फोन येणार होता, आणि एक खोटं टिकवायला पुढे दहा बोलावी लागतात. मी म्हटलं, "बरं नाही रे तिला. उद्या मोठ्या डॉक्टरांकडे नेतो आहोत. तिचं वजन कधी केलं होतंस का?" तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या वाढदिवसाला केलं होतं. मार्चमध्ये. ८१०." मुलीने लगेच वहीत वजाबाकी केली. एकशे सत्तर ग्रॅम कमी! तुमचं वजन समजा २५ किलो असेल, तर त्यातले पाच किलोंहून जास्त उतरल्यासारखं झालं हे.

त्या रात्री आम्ही पाळीपाळीने उठलो. या प्राण्याची आतडी सतत चालू राहावी लागतात. दिवसभर पोटात काही गेलं नाही तर ती मंदावतात आणि मग गॅस होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याच गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, खिमट करून, बिनसुईच्या सिरिंजने थोडं थोडं तिच्या ओठाच्या कडेने आत सोडायचं. ती दोन घास गिळायची आणि तिसरा थुंकायची. रात्री अडीच वाजता, बाहेर पाऊस पडत असताना, मुठीएवढ्या जिवाच्या तोंडाकडे बघत बसलं की कसं वाटतं हे शब्दांत सांगता येत नाही. तुमच्या आईला विचारा, तुम्ही तान्हे असतानाच्या तापाच्या रात्री तिला आठवत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ मिळाली होती, आणि तोच दिवस पालखीचा निघाला! ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याला येते ती दिघी, कळस करत आमच्या विश्रांतवाडीवरूनच. वाहनांना रस्ता बंद. एरवी आम्ही सगळे सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभे असतो. मुलीने विचारलं, "उद्या नेलं तर?" सासूबाईंनी वही उघडून तिच्यापुढे धरली. ६४०, ६२८, ६१५. ती निमूटपणे चप्पल घालायला गेली.

मी टोपलीत टॉवेल घातला, त्यावर खारीक, वरून ओढणी. सासूबाईंनी पिशवीत वही टाकली आणि खाद्याची पिशवीसुद्धा. "ही कशाला?" मी विचारलं. "आजारी माणूस काय खातो ते डॉक्टर विचारतातच," त्या म्हणाल्या. त्यांचं हे वाक्य लक्षात ठेवा हं, पुढे उपयोगी पडणार आहे.

फुलेनगरपर्यंत आम्ही वारकऱ्यांच्या गर्दीतून चालत गेलो. टाळांचा आवाज, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, रेनकोट म्हणून पांघरलेले प्लॅस्टिकचे कागद. गोंगाटाने ती आणखी घाबरेल म्हणून मी टोपली छातीशी धरली होती. एका आजींनी ओढणीखाली डोकावून विचारलं, "उंदीर हाय का गं पोरी?" मुलगी म्हणाली, "नाही आजी, गिनीपिग. आजारी आहे." त्यांना गिनीपिग कळलं नसावं, पण आजारी कळलं. "सरा, सरा, वाट द्या, दवाखान्यात चाललीय," असं म्हणत त्यांनी दहा-वीस जणांना बाजूला केलं. आडवाटेने येरवडा गाठला, तिथून रिक्षा, आणि बंडगार्डनच्या पुलापलीकडे दवाखाना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी दात पाहिले. गिनीपिगचे दात जन्मभर वाढत असतात, ते वेडेवाकडे वाढले तर त्याला खाता येत नाही. दात ठीक होते, हिरड्या मात्र लालसर होत्या. मग एक्स-रे काढला. पाय मोडलेला नव्हता, सांधे सुजलेले दिसत होते. मग त्यांनी वही मागून घेतली. मुलीच्या अक्षरातली एक ओळ त्यांनी दोनदा वाचली : 'हात न लावता काही दुखत नाही, उचललं की ओरडते.' त्यांनी विचारलं, "खायला काय देता?" सासूबाईंनी खाद्याची पिशवी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उलटीपालटी केली आणि खालच्या शिवणीजवळच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. 'सशांसाठी.'

तुम्ही म्हणाल, त्यात काय झालं? ससाही गवत खातो, गिनीपिगही गवत खातो. मीही हेच म्हटलं असतं. ज्या दुकानातून ती पिशवी आणली होती, तिथल्या माणसानेही त्या मुलाच्या बाबांना असंच सांगितलं होतं, दोघांना एकच चालतं म्हणून. पण गंमत पुढेच आहे. कुत्रा, मांजर, गाय, शेळी, ससा हे सगळे आपल्याला लागणारं क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. त्यांच्या खाण्यात ते नसलं तरी अडत नाही, म्हणून सशाच्या खाद्यात कुणी ते घालत नाही. गिनीपिगला मात्र ते बनवता येत नाही. आणि आणखी कुणाला बनवता येत नाही, माहीत आहे? माकडांना, आणि तुम्हाला-मला! या एका बाबतीत आमची खारीक सशापेक्षा माझ्या मुलीला जवळची आहे.

हे जीवनसत्त्व मिळालं नाही की शरीराला कोलॅजेन नावाचं द्रव्य नीट बनवता येत नाही. ते म्हणजे शरीराची खळ समजा. खळ सैल झाली की बारीक रक्तवाहिन्या फुटतात, हिरड्यांतून रक्त येतं, सांध्यांत रक्त उतरून ते दुखतात. याच रोगाला स्कर्व्ही म्हणतात. पूर्वी लांबच्या सफरीवरच्या खलाशांचा तो काळ होता. वास्को द गामा १४९८ साली परत निघाला तो कारवारसमोरच्या, पण गोव्याच्या हद्दीतल्या अंजदीव बेटावरून. अरबी समुद्र ओलांडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले. तेवढ्यात त्याची तीस माणसं दगावली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोहोचल्यावर आजारी खलाशांसाठी संत्री मागवली होती, म्हणजे कशाने बरं वाटतं हे त्यांना थोडंफार उमगलं होतं. पुढे १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरने एका इंग्रज लढाऊ जहाजावर बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं काहीतरी दिलं. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी सहा दिवसांत उभी राहिली.

आणि यात गिनीपिग कुठे आला? नॉर्वेत १९०७ साली अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे दोन डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य खायला घातलं. बेरीबेरी काही झाला नाही, झाली ती स्कर्व्ही! कोबी आणि लिंबाचा रस दिल्यावर ती हटली. तोवर हा रोग कुठल्या प्राण्यावर अभ्यासता येईल हेच कुणाला माहीत नव्हतं. त्या प्रयोगानंतर शोधाला वेग आला. हे द्रव्य वेगळं काढणारे हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी ते ढीगभर मिळवलं कशातून, सांगा बघू? लाल ढोबळ्या मिरचीच्या जातभाईंतून. म्हणजे खारकेच्या कुळातल्या त्या बिचाऱ्या गिनीपिगांचे आपल्यावर उपकार आहेत, आणि ते त्यांनी आपण होऊन केलेले नाहीत, हेही मी वर्गात सांगितलं.

डॉक्टरीणबाई मात्र सावध होत्या. "मला स्कर्व्ही वाटतेय," त्या म्हणाल्या, "पण आज छातीठोक सांगत नाही. क जीवनसत्त्व सुरू करू. आठवड्यात फरक पडला तर तेच होतं असं समजू. आणि हे चार दिवसांचं दुखणं नाही, दोन-तीन आठवडे तरी आत मुरत होतं." त्यांनी थेंब दिले, मात्रा वजनावर बेतलेली. ते तोंडातच घालायचे, पिण्याच्या पाण्यात नाही, कारण पाण्यात त्याचा जोर लवकर उतरतो. शिवाय रोज हराळी, कोथिंबीर, ढोबळ्या मिरचीची फोड आणि कधीतरी पेरूचा छोटा तुकडा. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. पण पेरू गोड, म्हणून कमी. गिनीपिगचं म्हणून मिळणारं खाद्यही जुनं, दमट झालं की त्यातलं जीवनसत्त्व घटतं. तुमच्यापैकी कुणाकडे गिनीपिग असेल तर पिशवीवरची तारीख बघा आणि ताजा पाला रोज द्या.

पहिले तीन दिवस काहीही फरक नाही. ६१२. ६१२. ६१०. चौथ्या दिवशी मी वर्गावर गेले तेव्हा घरून काही वाईट फोन येईल की काय, याच विचारात होते. मुलांनी ओळखलं. त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कोथिंबिरीच्या अकरा जुड्या! एकाने तर मुळ्याचा पाला आणला होता. आमच्या घरी त्या आठवड्यात कोथिंबीरवड्या झाल्या, हे वेगळं सांगायला नको.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी फ्रिज उघडला आणि मागून आवाज आला, "कुई!" बारीक, घोगरा, पण कुई! माझ्या हातातलं दुधाचं पातेलं हिंदकळलं. मुलगी पिंजऱ्याशी धावली, सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. फ्रिज आम्ही उगाचच आणखी तीनदा उघडझाप केला. तिन्ही वेळा उत्तर आलं.

रविवारी फोन आला. बरी होतेय म्हटल्यावर त्याला आनंद झालाच, पण पाठोपाठ प्रश्न आला, "बाई, झालं कशाने होतं?" ह्या प्रश्नाची मला डॉक्टरांच्या दवाखान्यापासून धास्ती होती. मी त्याला पिशवीचं सांगितलं. तो एकदम गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मीच तिला..."

"ऐक," मी म्हटलं. "तुला दुकानातून जे देण्यात आलं, ते तू रोज वेळेवर घातलंस. ती बारीक अक्षरं तुला कुणी दाखवली नाहीत. आणि तुझं ८१० वहीत नसतं, तर ती किती उतरली हे डॉक्टरांना कळलं नसतं." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी होल्स्ट आणि फ्रोलिखची गोष्ट सांगितली. ती त्याने लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाला, "त्यांचे गिनीपिग बरे झाले का पण?" मी म्हटलं, "ज्यांना कोबी मिळाला ते." मग तो बऱ्याच वेळाने बोलला, "डावा पाय?"

डावा पाय अजून थोडा ताठ आहे. डॉक्टर म्हणतात, कदाचित तसाच राहील. हेही मी त्याला सांगितलं. पण आता ती धावते, आणि खुशीत आली की लाही फुटावी तशी जागच्या जागी उडी मारते. उतरताना जरा डावीकडे कलंडते, एवढंच. तो दिवाळीच्या सुट्टीत आजोबांकडे पुण्याला येणार आहे. तोवर तिचं वजन ८०० च्या पुढे गेलं पाहिजे, अशी त्याने मला ताकीद दिली आहे. काल सकाळी ७७० भरलं.